वाढ दिसत नाही

गावाचं नावच अवधान.
तिथल्या एमआयडीसीत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
मी गढूळपणाची वाट बघते
आणि तो येऊ नये म्हणून पगार घेते.

बाहेर मे महिना, पारा पंचेचाळीस.
इन्क्युबेटरमध्ये पस्तीस.
जंतूंना आपल्यापेक्षा बरं हवामान आहे, नजमा तडवी म्हणते
आणि मास्कच्या आत हसते, म्हणजे डोळ्यांनी.

आत जायचं तर बांगड्या बाहेर.
टिकली बाहेर. नजमाचा सुरमा बाहेर.
लळिंगच्या वाऱ्यानं केसांत आणून ठेवलेली माती बाहेर.
बाकावर बसून एक पाय पलीकडे टाकायचा, मग दुसरा.
अलीकडे मी देवपुरातल्या रोपंवाल्या मथुराबाईची पोर,
पलीकडे दोन डोळे आणि एक नंबर.
संध्याकाळी हातमोज्यांची पाच-पाच बोटं अगारवर टेकवायची,
भाकरी झाली का बघताना टेकवतो तशी, हलकेच.
तीन दिवसांनी कळतं, कोण कुठे काय शिवून आलं.

खोक्यांच्या पोटात आम्ही मुद्दाम जिवंत बीजाणू ठेवतो,
नखाएवढ्या कागदी पट्टीवर दहा लाख.
सगळ्यात चिवट असतील तेच.
मग दार लावतो, गॅस सोडतो.
ते मेले तर सुया सुटल्या.

भिरूड सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
सुई निर्जंतुक आहे का, हे बघायला पाकीट फोडावं लागतं,
आणि फोडलं की ती तशी राहत नाही.
म्हणून आपण शक्यता सांगतो. दहा लाखांत एक.
फळ्यावर शून्यं मांडून त्यांनी हात झटकले.
मी घरी येऊन हिशेब केला.
वीसेक लाखांचा आपला जिल्हा.
प्रत्येकाला एकेक सुई टोचली, तर दोघं.
एक साक्रीकडचा असेल, एक शिरपूरकडची.
तेव्हापासून ते दोघं माझ्या ओळखीचे आहेत.
तो जेवताना बोलत नाही.
तिला डाव्या हाताची शीर सापडत नाही, नर्स दोनदा टोचते.

आई मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं विकते.
नवं बियाणं आलं की ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळते,
आठवड्यानं उलगडते, मोजते.
ऐंशीच्या खाली आले तर पुडी दुकानदाराच्या तोंडावर.
रात्री मला विचारते, ‘‘काय उगनं वं आज?’’
‘‘काहीच नही.’’
‘‘मंग पगार कसाना देतस त्या तुले?’’

गुरुवारी, सातव्या दिवशी, सतराव्या नळीत
एक ढग. एवढासा.
काचेवर कुणी श्वास सोडावा तसा.
ट्रक गेटवर लागलेला, ड्रायव्हर चाकाच्या सावलीत डबा उघडून बसलेला.
डिस्पॅचचा नेहते आला. म्हणाला,
‘‘एकोणीस स्वच्छ आहेत ना? तुझाच हात लागला असेल.’’
लागलाही असेल.
मी माझी बोटं पाहिली. त्यांच्याबद्दलही मी
शक्यताच सांगू शकते.

रजिस्टरात एकोणीस वेळा लिहिलं: वाढ दिसत नाही.
सतराव्या ओळीत लिहिलं: वाढ दिसते.
वेळ, तारीख, सही. खाडाखोड चालत नाही.
नजमानं खोक्यांवर लाल पट्ट्या चिकटवल्या.
ड्रायव्हरनं डबा मिटला, कुणाला तरी फोन लावला,
म्हणाला, आज काही निघत नाही.

रात्री आई दिव्याखाली गोणपाट उलगडून बसलेली.
‘‘काय उगनं वं?’’
‘‘उगनं. एक.’’
तिनं मान वर केली. पहिल्यांदाच माझ्या कामाकडे
स्वतःच्या कामासारखं पाहिलं,
म्हणाली, ‘‘चांगलं व्हयनं मंग,’’
आणि ब्याऐंशीवर बोट ठेवून
पुढचा दाणा चिमटीत धरला.